जोडमूळ

नवीन माणूस भेटला की लोक आधी नाव विचारतात. ठोंबरे काका मोबाइल नंबर विचारतात आणि त्याला भागायला घेतात. आमची ओळख झाली तेव्हा माझ्या दहा आकड्यांवरून नजर फिरवून त्यांनी निकाल दिला, "तीनातच गेले तुम्ही, भैया. काही दम नाही."

रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले हे आमचे चौबे कॉलोनीतले शेजारी. ऑफिसातून मी पिळून निघून घरी येतो, तर हे फाटकात उभे. "भैया, एक मिनिट." त्या मिनिटाला अंत नसतो. एक आणि स्वतः सोडून कुणानेच भाग जात नाही ती मूळ संख्या. स्वतःला सोडून बाकी भाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी भरली तर ती न्यून, जास्त भरली तर विपुल. मला हे आता झोपेतही म्हणता येतं. माझी मुलगी मराठी ऐकते आणि हिंदीत बोलते. ती एकदा म्हणाली, "दादाजी, मूळ नहीं, अभाज्य बोलते हैं."

"काहून? मूळ म्हणाले लाज वाटते का, पोट्टी?" काका बरेच दिवस फुरंगटून होते.

त्यांचा खरा ध्यास जोडमूळ, म्हणजे दोनच्या अंतरावर बसलेल्या दोन मूळ संख्या. काकांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, बाळूने, एकाच दुकानातून सिमकार्ड घेतली होती. नंबरांत फरक दोनचा. स्वतःचा नंबर मूळ असल्याचं काकांनी पेन्सिलीने भागून भागून सिद्ध केलं. बाळूच्या नंबराचं काम अजून चालू आहे. मधला नंबर सिलतऱ्याच्या एका ट्रकवाल्याचा. त्यालाही यांनी फोन करून कळवलं, "भैया, आप छह से कटते हो." त्याने यांना ब्लॉक केलं.

बाळू अभनपूरला असतो आणि काकांशी बोलत नाही. त्याच्या वास्तुशांतीला काकांनी दारावरचा ४४ पाहिला, भाजकांची बेरीज चाळीसच भरली, आणि भर पंगतीत ते बोलले, "बाळू, घर न्यून आहे तुहं."

बाळूची बायको आत निघून गेली. "म्या गणितातलं न्यून म्हटलं," काका अजून सांगतात, "त्याले वाटलं, मी घराले नावं ठेवून राहिलो."

परवा पुन्हा फाटकात अडवून ते भागाकार सांगू लागले. मी इतका कंटाळलो होतो की बाळूचा नंबर सरळ मोबाइलवर भाजक काढायला टाकला. उत्तर क्षणात आलं.

"काका, सत्तेचाळीसने भाग जातो. संपलं."

सत्तेचाळीस म्हणजे अगदी सुरुवातीची मूळ संख्या. काका तर केव्हाचे पाच आकडी संख्यांत पोचले होते.

"हव," ते हळूच म्हणाले. "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मग इतकी वर्षं काय भागताय?"

"माह्या भागाकारात चूक झाली असंल, म्हणून पुढं पाहून राहिलो." ते पायरीवर टेकले. "दोघंही मूळ निघालो, तं त्याले फोन कराले काही कारण होते."

मोबाइल खिशात टाकून मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पहिल्यांदाच आपणहून विचारलं, "मग, कितीपर्यंत आलात?"