हुसेनमियांचा तिसरा हिस्सा

हुसेनमियां कल्हईवाल्यांनी मला फसवलं. मेहकरच्या बाजारात मला फसवू शकलेला हा एकच माणूस. त्यांनी मला मासे विकले आणि तरी ते स्वतःचेच ठेवले. कसे, ते सांगतो.

खांद्यावर लुगड्यांचं गाठोडं टाकून उंद्रीचा बाजार करत मी वर आलो. पुढे दुकान झालं, तेव्हा गिऱ्हाईक खेचणारं काहीतरी हवं होतं. बदली होऊन नागपूरला निघालेल्या एका साहेबाने काचेची पेटी आणि चार लाल मासे हुसेनमियांना देऊन टाकले होते. मी दोन दिवस घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला. मियांनी एकच अट घातली.

"पाणी बदलाले मीच येईन, शेठ. जागा नवी, पाणी नवं. दर तिसऱ्या दिवशी तिसरा हिस्सा काढाचा, तेवढाच भराचा. सारं एकदम बदललं का मासे मेलेच समजा."

फुकटची चाकरी मिळते म्हणून मी हो म्हणालो. तिथेच फसलो.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मी ओरडलो, "सडके मासे देल्ले मले!"

मियां टिनाच्या वाकड्या नळीने, तोंडाने ओढून, पाणी उतरवत होते. थुंकून म्हणाले, "तिसरा हिस्सा राग आज काढा, शेठ. बाकीचा परवा."

त्यांचं सगळंच असं. भांडणात तिसरा हिस्सा चूक कबूल करायचे. चहाचासुद्धा तिसरा हिस्सा कपात ठेवून उठायचे. माझी साखर, माझं दूध! माझा जीव जळायचा.

दिवाळीच्या साफसफाईत मला ते जुनं पाणी बघवेना. चिंचेने लखलखीत घासलेली तांब्याची घागर घेतली आणि सगळं पाणी ताजं भरलं. तासाभरात एक मासा आडवा झाला. मियां धावत आले.

"तांबं? काऊन बे, तांबं? माशाले जहर हाय ते!"

मला 'बे' म्हणाले, भर दुकानात! जन्मभर लोकांच्या तांब्याला कल्हई लावून पोट भरलेला हा माणूस माझ्या घागरीकडे साप पाहावा तसा पाहत होता. त्यांनी मासे मातीच्या रांजणात हलवले आणि संध्याकाळपर्यंत उकिडवे बसून राहिले. मासा सरळ झाला, तेव्हा मियांनी त्याला सलाम केला. मला नाही.

मागच्या पंधरवड्यात माल सोडवायला शेगावला गेलो. तिथे एका रेल्वेबाबूच्या घरी तशीच पेटी. तो म्हणाला, "पहिला महिना-दीड महिना जपावं लागतं. मग पाणी बसतं. पुढे पंधरा दिवसांतून एकदा बदललं तरी पुरे."

आमच्या पेटीला वर्ष झालं होतं! वर्षभर हा माणूस दर तिसऱ्या दिवशी येऊन दोन-दोन तास माझ्या गादीवर बसत होता.

परतल्यावर मी मियांना गिऱ्हाइकांसमोरच धरलं. "खोटं काऊन बोलले, मियां?"

"हाव, शेठ. बोललो."

तिसरा हिस्सा नाही, सगळीच चूक कबूल. नळी पुसून माझ्यापुढे ठेवली आणि उठले. आमची मंडळी चहा घेऊन आली होती. मियां उभ्यानेच प्यायले, सवयीप्रमाणे थोडा ठेवला.

"आज तरी सारा प्या, भाऊ," ती म्हणाली.

"तेवढा बीबीचा राहे, वहिनी. एका कपात दोघं पेत होतो. ती गेल्यापासून घरी चूल पेटवाले मन होत नाही."

आणि गेले. आज नववा दिवस.

मासे मजेत आहेत. म्हणजे रेल्वेबाबू खरा. पण मंडळी रोज दुपारी एक कप जास्तीचा करते, तो निवतो, आणि माझ्याकडे बघत राहते. मी काय केलं? फसवलं त्यांनी, आणि तोंड लपवून मी बसायचं?

गादी सोडून मी आत्ता त्यांच्या घरी निघालो आहे. वर्षभर माणसाला सवय लावायची आणि एका शब्दावरून येणं बंद करायचं, हा कुठला सौदा? हुसेनमियांनी दारात येऊन मला याचा जबाब द्यावा. तिसरा हिस्सा नाही, पुरा!