तक्त्यावरची दाढी

ताईंच्या नोकरीत एक मोठीच गोम होती. काम चांगलं केलं की नोकरी जायची.

ताई एका शाळेत शॅडो टीचर होत्या. म्हणजे वर्गात एका मुलाच्या शेजारी बसायचं, तो अडला की हात द्यायचा, आणि हळूहळू आपली खुर्ची मागे मागे न्यायची. मूल एकट्याने सगळं करू लागलं की खुर्ची दारापर्यंत पोहोचते आणि ताई दाराबाहेर. गेल्या तीन वर्षांत त्यांची खुर्ची फारच छान मागे सरकली होती. त्यांचा विद्यार्थी, ज्याला सगळी शाळा ‘स्टेशनमास्तर’ म्हणायची, आता आठ वर्षांचा होता आणि स्वतःचंच काय, अख्ख्या वर्गाचं वेळापत्रक सांभाळत होता.

“म्हणजे तू हुशार निघालीस म्हणून तुला काढणार?” सासऱ्यांनी विचारलं होतं. ते कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. तिथे असला प्रकार कधी ऐकला नव्हता.

“काढत नाहीत हो बाबा. काम संपतं.”

“आमच्याकडे काम संपू नये याची सगळे काळजी घ्यायचे.”

पण एक वाट होती. मधल्या काळात ताईंनी विशेष शिक्षणाची पदविका पूर्ण केली होती आणि शाळेच्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे विशेष मुलांच्या खोलीत, कायम विशेष शिक्षिकेची जागा निघाली होती. तिथे स्टेशनमास्तर धरून सहा मुलं रोज काही तास यायची. ताईंचा पाठ पाहायला तपासनीस साहेब येणार होते. त्यांनी पसंतीचा शेरा दिला तर जागा ताईंची. नाही दिला, तर महिनाअखेरीला खुर्ची दाराबाहेर.

साहेबांची ख्याती चांगली नव्हती. ते बोलत नाहीत, हसत नाहीत आणि पास करत नाहीत, असं मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका सांगायच्या. त्या स्वतः साहेबांना कधी भेटल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांची खात्री अधिकच पक्की होती.

रिसोर्स रूममध्ये चित्रांचा तक्ता असतो. दिवसभरात काय काय होणार त्याची कार्डं ओळीने लावायची. ताईंचा नियम एकच होता: तक्त्यावर लावलं ते होणार. काही बदलायचं असेल तर आधी केशरी रंगाचं ‘बदल’ कार्ड दाखवायचं, मगच बदलायचं. कारण ज्या मुलाला पुढे काय होणार हे कळत नाही त्याचा जीव घाबरतो, आणि मोठ्यांच्या शब्दावरचा त्याचा विश्वास एकदा उडाला की परत बसवायला महिने जातात.

ही युक्ती ताईंना इतकी आवडली की त्यांनी घरीही एक तक्ता केला. सासरे अलीकडे गोळी विसरायचे, दाढी एका गालाची करून उठायचे. त्यांच्यासाठी सहा कार्डं केली. तीच मापं, तसाच प्लास्टिकचा डबा, झाकणही तेच निळं.

आता पुढे काय झालं असेल हे वाचकांनी ओळखलंच असेल. ताईंनी मात्र ओळखलं नाही. त्या सकाळी वर्गात डबा ठेवून साहेबांना घ्यायला फाटकापाशी गेल्या. साहेबांना घेऊन परत आल्या तेव्हा स्टेशनमास्तरने रोजच्या शिरस्त्याप्रमाणे डबा उघडून तक्ता लावून ठेवला होता.

दाढी. कपडे वाळत घालणे. गोळी. पेपर. फेरफटका. डुलकी.

ही तर सासऱ्यांची कार्डं! साहेब कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले आणि पॅडवर काहीतरी लिहू लागले.

ताईंचा हात पहिल्या कार्डाकडे गेला.

“केशरी?” स्टेशनमास्तरने विचारलं.

केशरी कार्ड खऱ्या डब्यात होतं, आणि खरा डबा घरी. ताईंचा हात परत आला. एवढ्यात त्यांचा फोन थरथरला. त्या दाराआड गेल्या.

“सूनबाई, गोलात बसायचंय म्हणे. मी एकटा गोलात कसा बसू?”

“बाबा, ती शाळेची कार्डं आहेत! काही करू नका. केशरी कार्ड घेऊन इकडे या. लगेच!”

“केशरी सगळ्यात शेवटी लावलंय मी. मधे टाळ्या आहेत, उड्या आहेत, गोष्ट आहे.”

“उड्या मारू नका!”

“मग तक्त्यावर कशाला लावलंस?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ताई वर्गात आल्या तेव्हा मुलं पहिल्या कार्डासमोर विचारात उभी होती. सहा मुलं, आणि दाढी एकालाही नाही. एक चिमुरडी होती, जी बोलायची नाही, पण बोट दाखवून सगळं सांगायची. तिने आधी कार्डाकडे बोट दाखवलं. मग वर्गभर नजर फिरवली आणि तेच बोट साहेबांच्या हनुवटीकडे वळवलं. साहेबांची दाढी दोन दिवसांची होती.

“आहे,” स्टेशनमास्तरने जाहीर केलं. “दाढी आहे!”

दुसऱ्या कुठल्या वर्गात हे इथेच थांबलं असतं. पण रिसोर्स रूमच्या कपाटात दाढीच्या फेसाचा डबा असतोच. ट्रेमध्ये फेस पसरून मुलं त्यात बोटांनी अक्षरं गिरवतात. ताईंच्या तोंडून “अरे, अरे” एवढंच निघेपर्यंत साहेबांचे दोन्ही गाल, एक कान आणि कोटाची कॉलर पांढरी झाली होती.

“हलायचं नाही,” स्टेशनमास्तर म्हणाला आणि आइसक्रीमच्या लाकडी काडीने दाढी सुरू झाली.

साहेब हलले नाहीत. बोलले तर नाहीतच. बोलायला तोंड उघडलं असतं तर फेस आत गेला असता.

ताईंना काही सुचेना. शाबासकी द्यावी तर कशाबद्दल? ओरडावं तर कोणाला? त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

कोट भरला होता, म्हणून दुसरं कार्ड आपोआपच मार्गी लागलं. दोघांनी कोट बेसिनमध्ये बुचकळला, दोघांनी पिळला आणि चित्रं टांगायच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. एक चिमटा कमी पडला म्हणून एक मूल बाही धरून उभं राहिलं.

तिसरं कार्ड गोळीचं. ताई दचकून पुढे झाल्या, पण त्याआधी साहेबच ताडकन उठले.

“अरेच्चा! माझी अकराची राहिलीच की!”

हे त्यांचं सकाळपासूनचं पहिलं वाक्य. त्यांनी पॅन्टच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, स्टेशनमास्तरने पाण्याचा पेला आणून दिला आणि “आ करा” म्हणून गोळी गिळली की नाही ते तपासून घेतलं.

मग पेपर. चिकटकामाच्या गठ्ठ्यातले जुने पेपर निघाले. सातही जण पायावर पाय टाकून बसले. एकाने पेपर उलटा धरून मोठा सुस्कारा सोडला, “काय चाललंय या जगात!” बाकीच्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. साहेबांनीही हलवली.

फोन पुन्हा थरथरला.

“गोलाचं जमलं,” सासरे सांगत होते. “शेजारचे चौघे बोलावले. टाळ्या झाल्या. उड्या त्यांच्याकडून मारून घेतल्या. आता गोष्ट चाललीय. तू सारखा फोन करू नकोस.”

“फोन तुम्ही केलाय, बाबा.”

“बरं, बरं.”

फेरफटक्याला रांग निघाली. पुढे स्टेशनमास्तर, मधे साहेब, कोटाविना, कानामागे फेस. नेमक्या मोठ्या बाई समोरून आल्या.

“अहो, तुम्ही रंगारी ना?” त्या साहेबांवर कडाडल्या. “आज तपासणी आहे, उद्या या म्हणून निरोप दिला होता की नाही? आणि मुलांना कशाला घेऊन फिरताय? मागच्या दाराने जा बघू!”

साहेबांनी तोंड उघडलं.

“फेरफटक्यात थांबायचं नाही,” स्टेशनमास्तर म्हणाला. साहेबांनी तोंड मिटलं आणि रांगेबरोबर निघून गेले. मागून जाणाऱ्या ताईंना मोठ्या बाईंनी अडवलं. “रंगारी भलताच आज्ञाधारक दिसतोय. बरं, साहेब आले का?”

“आलेत,” ताई क्षीण आवाजात म्हणाल्या. “आत्ताच पुढे गेले.”

मोठ्या बाईंनी पुढे पाहिलं. मग त्या तिथल्याच बाकावर हळूच बसल्या.

शेवटचं कार्ड डुलकीचं. सतरंज्या पसरल्या, पडदे ओढले. सहा मुलं डोळे मिटून हसू दाबत पडली. सातवे साहेब खरोखरच झोपले आणि घोरू लागले. ताई सतरंजीच्या कडेला बसून मनातल्या मनात महिनाअखेरीचे दिवस मोजत राहिल्या.

घंटा झाली तसे साहेब उठून बसले. मुलं जेवणाचे डबे घेऊन पांगली. साहेबांनी पॅड उचललं.

ताईंना राहवेना. “साहेब, खरं सांगते. आज माझे कार्डांचे डबे बदलले. ही माझ्या सासऱ्यांची कार्डं आहेत. मी दोन तास काही शिकवलं नाही. मला काही सुचलंच नाही.”

“ते मला दाढीलाच कळलं,” साहेब कानामागचा फेस पुसत म्हणाले. “आठ वर्षांच्या मुलांना दाढीचं कार्ड कोण लावेल?”

“मग तुम्ही थांबवलं का नाही?”

“तुम्ही का नाही थांबवलंत? कार्ड तर तुमच्या हाताशी होतं.”

“केशरी कार्ड नव्हतं ना,” ताई म्हणाल्या. “तक्त्यावर लावलं ते होणार, असा शब्द दिलाय मी त्यांना. माझी नोकरी वाचवायला तो कसा मोडू?”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, “बाई, मी एकोणतीस वर्गांत बसलो. सगळीकडे मला बघून शिक्षक दोन तास अखंड बोलतात आणि मुलं पुतळ्यासारखी बसतात. शाळेत कोणी मला ‘आ करा’ म्हटल्याला पन्नास वर्षं झाली असतील.” त्यांनी शेरा लिहिला आणि कागद पुढे केला.

‘मुले स्वतः ठरवतात, स्वतः करतात, पाहुण्यालाही सामावून घेतात. शिक्षिकेचा हस्तक्षेप: शून्य. सर्वोत्तम.’ आणि खाली ठळक सही.

ताईंना जागा मिळाली. मोठ्या बाई दिवसभर सगळ्यांना सांगत होत्या, “मी साहेबांना पाहताक्षणीच ओळखलं होतं.”

पंधरवड्याने पत्र आलं. ‘हस्तक्षेपविरहित अध्यापन’ या विषयावर आसपासच्या तीस शिक्षकांना ताईंनी मार्गदर्शन करावं, असा साहेबांचा आग्रह होता. ताई व्यासपीठावर गेल्या. समोर तीस चेहरे, तीस वह्या. आपण त्या दिवशी नेमकं काय केलं, हे आठवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. काहीच आठवेना, कारण केलंच नव्हतं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. ताई माईकसमोर नुसत्याच उभ्या.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला कोपराने ढोसलं.

“अगं, लिही लवकर,” त्या कुजबुजल्या. “सुरू झालं.”