पट्टीप्रमाणे

नाटकाचे लाइट सांभाळणाऱ्या मामांना साउंडवाल्याचा पहिल्या तालमीपासून संशय होता. त्याचं टेबल शेजारीच आणि नजर सारखी लाइटच्या बोर्डावर. त्यात दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर बजावलेलं, "मामा, आता एक जरी चूक झाली, तर तुमचा बोर्डही यालाच देणार!"

मामांनी डोकं लढवलं. कुठल्या स्लायडरने कुठला दिवा लागायचा, त्या चॅनेलची त्यांनी मुद्दाम अदलाबदल केली आणि वर साळसूदपणे पट्ट्या चिकटवल्या. 'नायक' लिहिलेला स्लायडर सरकवला की दार उजळायचं, आणि 'दार' सरकवला की नायक. खरा हिशेब फक्त मामांच्या डोक्यात. बस म्हणावं आता माझ्या खुर्चीवर!

प्रयोगाच्या दिवशी मामा चहा पिऊन परतले, तर साउंडवाला त्यांच्याच बोर्डासमोरून उठत होता.

"काय करत होतास रे?"

"काही नाही. बसा ना तुम्ही."

हे 'काही नाही' मामांना अजिबात आवडलं नाही. पण पडदा उघडला होता.

नायक आईच्या पायाशी बसून रडू लागला. मामांनी पाठ असल्याप्रमाणे 'दार' सरकवलं. नायक अंधारात राहिला आणि रिकामं दार लखलखलं. प्रेक्षक माना वळवून बघू लागले. कुणीच येईना.

"तूच केलंस ना हे?" मामा दातओठ खात कुजबुजले.

"हो. अहो, तुमच्या पट्ट्या आणि चॅनेल जुळतच नव्हते. दिग्दर्शकसाहेबांनी पाहिलं असतं तर गच्छंतीच होती तुमची! म्हणून गुपचूप सगळं पट्टीप्रमाणे लावून दिलं. आता लिहिलंय तसं सरकवा."

मामांनी चष्मा शोधला आणि स्वतःच्याच पट्ट्या वाचत नाटक पार पाडलं.

"ते रिकामं दार!" दिग्दर्शक नंतर गहिवरून म्हणाला. "गेलेल्या बापाची वाट बघणारं! काय कल्पना आहे, मामा!"

खुर्ची वाचली. एवढ्या भल्या माणसावर आपण संशय घेतला, याची मामांना मनापासून लाज वाटली. निदान त्याचं टेबल तरी पुसून ठेवावं म्हणून ते फडकं घेऊन गेले. 'दाराची बेल' लिहिलेल्या बटणावरून फडकं फिरलं आणि कुत्रं भुंकलं. मामांनी 'कुत्रं' दाबून पाहिलं. रेल्वे धडधडत गेली. 'रेल्वे' दाबली, तर बाळ रडलं.

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि उद्याच्या प्रयोगात त्या भल्या माणसाची फजिती होऊ नये, म्हणून एकेक आवाज पट्टीप्रमाणे लावून द्यायला बसले.