गुण आल्याचा पुरावा

सन १९८९. नौपाड्यातल्या आमच्या विचार मंडळाने एक गंभीर विषय चर्चेला घेतला. भाऊ तुळपुळ्यांच्या हरिहरला मुली आवडत नाहीत, त्याला मानपाड्याच्या कारखान्यातला रतन आवडतो. तर हे अनुष्ठानाने बदलतं की नाही? हरिहर बँकेत नोकरीला, वय सव्वीस. जेवता जेवता त्याने घरी हे सरळ सांगून टाकलेलं. आता इतकं सरळ कोणी सांगतं का? पण आजकालची मुलं!

सभा भाऊंच्याच दिवाणखान्यात भरली. मी मंडळाचा चिटणीस. अनुष्ठान करणारे शास्त्रीबुवा डोंबिवलीहून आले होते.

"सोळा सोमवार झाले. मुलाला गुण आलाय," ते म्हणाले.

"कशावरून?" डॉक्टर उसळले. डॉक्टर म्हणजे आमच्या मंडळाचं विज्ञान. "मुळात हा आजारच नाही. परदेशात केव्हाच यादीतून काढून टाकलाय."

"आजार नसेल, तर बरा व्हायला आणखीच सोपा," शास्त्रीबुवा म्हणाले. "मुलालाच विचारा."

"मला काडीचा फरक पडलेला नाही," हरिहर म्हणाला. "उपासाने पित्त तेवढं होतं."

दोन्ही पक्षांनी हे अमान्य केलं. शास्त्रीबुवांच्या मते गुण आल्याचं मुलाला अजून कळलेलं नव्हतं. डॉक्टरांच्या मते रुग्णाचं स्वतःचं म्हणणं पुरावा म्हणून धरत नाहीत.

"मग लग्नच लावून पाहू याचं," भाऊ म्हणाले. "एकदाचा सोक्षमोक्ष लागेल."

डॉक्टरांना हे पटलं, कारण निकाल पडताळता येणार होता. शास्त्रीबुवांनी तर लगेच पंचांग उघडलं.

"अहो, पण त्या पोरीचं काय?" हरिहरची आई, प्रमोदिनीबाई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. प्रयोग म्हटला की साहित्य लागतंच, अशी त्यांची समजूत घालण्यात आली.

"डॉक्टर, तुमची हेमा यंदा लग्नाची आहे ना?" भाऊंनी विचारलं.

डॉक्टर ताडकन उठले. "वेड लागलंय का भाऊ? अशा मुलाला मी मुलगी देईन? ही माणसं बदलत नसतात!"

"मग बुवा, तुमची शीला?"

"पत्रिका जुळत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. हरिहरची पत्रिका त्यांनी पाहिलेली नव्हती.

तेव्हा हेमा आणि शीला वगळून प्रयोग सर्वानुमते मंजूर झाला.

वर्तमानपत्रातली जाहिरात मीच लिहिली. त्यात एक अक्षर खोटं नको, अशी डॉक्टरांची अट होती. 'बँकेत कायम, नौपाड्यात स्वतःचा ब्लॉक, निर्व्यसनी, उपासतापास करणारा, परस्त्रीकडे मान वर करून न पाहणारा.'

सगळ्यांत आधी मुलीचे वडील म्हणून तुमचं उत्तर आलं. रविवारी तुम्ही सहकुटुंब आलात, ब्लॉकला गॅलरी आहे का ते पाहिलंत, पाण्याची वेळ विचारलीत. मग हरिहर तुम्हाला जिन्यापाशी घेऊन गेला.

"काका, पाया पडतो तुमच्या," तो हात जोडून म्हणाला. "मला मुली आवडत नाहीत. तुमच्या लेकीचं वाटोळं होईल हो."

मी दारातून ऐकत होतो. मलासुद्धा फार वाईट वाटलं.

तुम्ही आत आलात आणि बायकोला म्हणालात, "ऐकलंस? इतका सोज्वळ मुलगा आजकाल शोधून सापडायचा नाही. मुहूर्त लवकरचाच धरू."