सगळ्यांचे पालक मलप्पा मामा

आमच्या कृषी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात एकाच पानावर तीन सत्कारांचे फोटो आहेत. विद्यार्थी तीन, आडनावं तीन, पण शेजारी उभे असलेले वडील एकच. पहिल्या फोटोत त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आहे, दुसऱ्यात फेटा, तिसऱ्यात टॉवेल. तिसरा विद्यार्थी शेख आहे आणि वडिलांच्या कपाळावर विभूतीचे ठसठशीत आडवे पट्टे.

हे मलप्पा मामा. कॉलेजच्या शेतावरचे मुकादम, मूळचे जळकोटचे. आमच्याकडे गुणवंतांचा सत्कार पालकांसह होतो. मुलाला प्रमाणपत्र, बापाला नारळ. कल्पना झकास. फक्त समारंभ येतो ऐन सोयाबीनच्या काढणीत, आणि त्या आठवड्यात कुणी रान सोडून टाळ्या वाजवायला येत नसतं. मग पोरं हिरमुसून शेतावर जात आणि मामा हातातलं खुरपं खाली ठेवून म्हणत, "म्या हाय की."

सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडे असतं. गळा बरा आहे आणि लाज कमी. त्या फोटोंच्या वर्षी मामा तिसऱ्यांदा व्यासपीठावर आले, तेव्हा प्रमुख पाहुण्यांचा हात नारळासकट हवेतच थांबला.

"मघाशी दोनदा आपणच आला होतात ना?"

"न्हाय सायेब. ते माझे भाऊ. आमी तिघं हाव."

पाहुण्यांनी नारळ दिला. मी माईक लांब धरून भरपूर खोकलो. संध्याकाळी तिन्ही भावांचे नारळ होस्टेलच्या चटणीत गेले.

यंदा नवे प्राचार्य आले आणि त्यांनी नेमका तोच अंक चाळला. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: व्यासपीठावर फक्त सख्खे पालक. मी ती मामांना वाचून दाखवली.

"बराबर हाय. नियम म्हंजे नियम," एवढंच म्हणून ते खुरपायला बसले.

आणि यंदाच माकणीची अश्विनी बियाण्यांच्या विषयात विद्यापीठात पहिली आली. वडील नाहीत. आई दुसऱ्याच्या सोयाबीनवर कामाला. समारंभाच्या सकाळी ती मला म्हणाली, "सर, माझं नाव घेतलं की लगेच पुढचं घ्या. एकटीनं उभं राहायला कसं तर वाटतंय."

मी नाव पुकारलं. 'पालकांसह' हा शब्द गिळला. ती वर आली, प्रमाणपत्र घेतलं आणि समोरच्या खुर्च्यांकडे बघायला लागली. एकेक रांग.

शेवटच्या रांगेत मामा होते. ते उठले नाहीत. मांडीवरचा बांधलेला केशरी फेटा त्यांनी डोक्यावर चढवला, नीट बसवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसून राहिले. बसल्या जागी, नियमात. अश्विनी हसली आणि जागची हलेचना. पुढचं नाव घ्यायचं मीही विसरलो.

मंडप रिकामा झाल्यावर मी त्यांना छेडलं, "काय मामा, यंदा भाऊ आले नाहीत?"

ते फेटा काढून खुर्चीतच बसले होते. "सर, लेकरू वर गेलं की बक्षीस बघत न्हाय. खुर्च्या बघतंय." मग फेटा मांडीवर ठेवून म्हणाले, "माझी संगी चौथीत पयली आली हुती. शाळेत सत्कार हुता, म्या इथंच रानात. हातपाय चिखलानं भरलेले, असं कसं जावं म्हनून ऱ्हायलो. तिनं समद्या खुर्च्या बघितल्या म्हनं. तिच्या बाई सांगत हुत्या. ती कायबी बोलली न्हाय. आता पुण्यात असती. रोज फोन करती. त्यावर अजून बोलली न्हाय."

मी माईकची वायर गुंडाळायला लागलो.

मामांनीच मग खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला आणि फेटा पुन्हा डोक्यावर चढवला.

"एक फोटो काढा. संगीला धाडायचाय."

चेहरा नीट यावा म्हणून मी जवळ गेलो.

"मागं सरा, सर," मामा म्हणाले. "खुर्ची दिसली पायजे."