वर पाहणारे बकारामभाऊ

बकारामभाऊंनी माझं तोंड नीट पाहिलं ते ओळख होऊन वर्ष उलटल्यावर. तोवर ते माझ्याकडे रोज येत, पाटावर बसत, चहा पीत. पण नजर सगळा वेळ छपराला. बोलणारा मी खाली आणि ऐकणारे हे वर. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या डोक्यावर पाल आलीय की काय.

चामोर्शीच्या शाळेत माझी बदली झाली आणि त्यांच्या शेजारचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर मला भाड्याने मिळालं. सामान उतरवतोय तोच हे उंबऱ्यात हजर. साठीचे, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर, मान मागे टाकलेली. स्वतःचं नाव सांगितलं नाही, माझं विचारलं नाही. म्हणाले, "मास्तर, तुमचा मधला फाटा सडून राह्यला."

फाटा म्हणजे कवेलूखालचा बांबू, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, "बसा ना."

"बसतो. पयले वर पाहा."

"पयले वर पाहा" हा त्यांचा रामराम होता. थोडी धानाची शेती, बायको जाऊन कैक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एकटा जीव आणि त्या जिवाला एकच घोर, गावातली छपरं. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा परतल्यावर बायकांनी गराडा घातला, मुलगी कशी आहे? "आढं सागाचं हाये," हे म्हणाले. "उतारही बरा हाये." लग्न ठरलं. संसारही चांगला झाला, त्यामुळे कुणाला बोलायला जागा उरली नाही.

एकदा गावात एक म्हातारा गेला. भेटायला आलेले सगळे माना खाली घालून बसलेले, हे एकटेच वर पाहतायत. लोकांना वाटलं, देवाला जाब विचारतायत. उठताना म्हातारीला म्हणाले, "बाई, कोपऱ्यातला कवेलू फुटला हाये." रडता रडता म्हातारीला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी हे स्वतः जाऊन तो बदलून आले.

त्यांचं खरं वैर वांदरांशी. जंगल हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वांदरांची टोळी वरचेवर गावात यायची आणि कवेलूंवर शर्यती लावायची. पोरं दगड उचलायची की हे पोरांवरच धावून जात. "दगड माराचा नाई. वांदर वाचते अन् कवेलू मरते." मग अंगणात उभं राहून वांदरांना तोंडानेच फैलावर घेत, आणि वांदरं शांतपणे ऐकून घेत. माझ्या बायकोने, म्हणजे हिने, हौसेने दोडक्याचा वेल आमच्या छपरावर चढवला, तर हे कुंपणाशी तोंड पाडून उभे राहिले. शेवटी कंटाळून हिने वेल कुंपणावर वळवला.

मला त्यांचा वैताग यायचा. माणसाने माणसाशी बोलावं, आढ्याशी काय? पण वैशाखात वादळ आलं आणि माझं मत फिरलं.

हिच्या आईला बरं नव्हतं, म्हणून बाळंतपण चामोर्शीतच झालं. मुलगी. बारसं व्हायचं होतं अजून. दुपारी आभाळ एकदम काळं झालं, वारा सुटला, गारा पडू लागल्या, आणि शेजारच्या चिंचेची फांदी मोडून थेट आमच्या आढ्यावर. कवेलू पत्त्यांसारखे उडाले. बाळंतिणीच्या खाटेवर पाण्याची धार लागली. मी घागर ठेवावी तर धार दुसरीकडे, घमेलं सरकवावं तर तिसरीकडे. लेकरू किंचाळत होतं आणि मी घमेलं घेऊन घरभर धावत होतो.

तेवढ्यात घोंगडी पांघरून बकारामभाऊ आत आले आणि नेहमीप्रमाणे वर पाहत उभे राहिले. माझं डोकंच फिरलं. "अहो, वर काय पाहता? खाली लेकरू भिजतंय."

"वर पाहून राह्यलो म्हनूनच सांगतो," ते म्हणाले. "पयले खाट ओढा."

आम्ही खाट ओढली आणि जिथे हिचं डोकं होतं तिथेच दोन कवेलू येऊन फुटले. मग त्यांनी बांबूने लोंबकळणारे कवेलू खाली पाडले. माझं धोतर मागून घेतलं, त्याचं एक टोक फाट्याला बांधलं, दुसरं घागरीत सोडलं. घरभर नाचणारं पाणी मुकाट्याने धोतरावरून घागरीत उतरू लागलं. मग पोरीला घोंगडीत गुंडाळून ते म्हणाले, "चला बाई, माह्या घरी."

त्यांच्या मधल्या खोलीत हिला निजवलं. जमीन सारवलेली, कोरडी. बाहेर वारा घोंगावत होता आणि आत थेंब नव्हता. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि मला रडू आलं. इतकं सुटल्यासारखं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

बाळंतिणीचा विटाळ एकट्या माणसाच्या घरात, म्हणून आळीत कुजबुज झाली. एकाने त्यांना तोंडावरच विचारलं. "मी त वर पाहून राह्यलो," बकारामभाऊ म्हणाले. "खाली काय हाये, मले का मालूम?"

बारसं तिथेच झालं. पाळणा त्यांच्याच आढ्याला टांगला. दोरी बांधताना त्यांनी वर पाहिलं आणि मग खाली पाळण्यात पाहिलं. मान खाली गेली ती बराच वेळ वर आलीच नाही.

इकडे आमच्या घराची दुरुस्तीही तेच करत होते. फांदी काढली, फाटे बदलले, कुंभाराकडून नवे कवेलू आणून ओळीने बसवले. काम संपलं की वरून घागरभर पाणी ओतायचं आणि आत उभं राहून पाहायचं, ही त्यांची परीक्षा. आणि त्या परीक्षेत आमचं घर रोज नापास होत होतं. एका जागी टपकायचंच. "लेकराले इथी आनाचं नाई," ते बजावत. "मंग पाहू."

एका बाजारच्या दिवशी मी लवकर परतलो, मागच्या बोळातून. बकारामभाऊ शिडीवर होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, दोन बोटांनी एक कवेलू हलकेच बाजूला सरकवला, खाली उतरले आणि अंगणातून हाक मारली, "मास्तर आले काय? या, पानी टाकून पाहू."

ते पुन्हा शिडीवर चढले आणि मी निमूटपणे आत जाऊन उभा राहिलो. पाणी बरोबर माझ्या कपाळावर पडलं.

"टपकते काय?" वरून आवाज आला.

"टपकतंय, भाऊ."

"मंग राहा लागन अजून," ते म्हणाले. आवाजात दुःख शोधूनही सापडलं नसतं.

हिला सांगितलं तर म्हणाली, "मी परवाच पाहिलंय. तुम्ही बोलू नका."

मृग जवळ आला तशी मात्र त्यांची तगमग सुरू झाली. उघडं छप्पर आणि वर ढग, हे त्यांना कुठून सोसणार? एका सकाळी गुपचूप चढले, कवेलू जागेवर बसवला, पाणी ओतलं. थेंब नाही. "झालं मास्तर," खाली पाहत म्हणाले, "जा आता."

सामान हललं. शेवटी पाळणा उरला. ते स्वतःच दोरी सोडायला उठले तेव्हा ही म्हणाली, "पाळणा इथेच राहू द्या भाऊ. आमच्या छपराचा काही भरवसा नाही. पोरीला दिवसभर इथेच आणून निजवीन."

बकारामभाऊंनी दारातून आमच्या छपराकडे पाहिलं. ओळीने बसवलेले कवेलू, नवे फाटे, सगळं त्यांच्या हातचं.

"हो बाई," ते म्हणाले. "जरा कमजोरच हाये ते."

आणि दोरीची गाठ त्यांनी पुन्हा घट्ट केली.