रूपरावांनी रोवलेला धुऱ्याचा दगड

पिपरी मेघेत सरकी-ढेपेचं दुकान चालवणाऱ्या रूपरावांनी २००७ साली घरात कॉम्प्युटर येऊ दिला, तिथंच सगळं बिघडलं. धाकट्या मंजुषाचा बायोडाटा घरीच टाइप करू, असं पोरगं सचिन म्हणालं आणि हे मान डोलावून बसले. आता रविवारी चार वाजता हिंगणीचे पाहुणे मुलगी पाहायला येणार. बायोडाटा, स्टुडिओतला फोटो, सगळं त्या डब्यात तयार. फक्त प्रिंट काढायची. तेवढ्यात त्याच रविवारी दुपारी थोरल्या मुलीचा नवरा, प्रफुल, नागपूरहून उगवला.

हे जवाईबापू कॉम्प्युटर शिकवत (म्हणजे नुसते बोलत). पडद्यावर कॉम्प्युटर चालवणारी उबुंटू नावाची सिस्टीम पाहताच त्यांनी नाक मुरडलं.

"उबुंटू? हे तं पोट्ट्यायचं खेळणं आहे, मामाजी. फेडोरा टाका. प्रिंट पाहा कशी सुबक येते!"

"काऊन टाकू?" सचिन उसळला. "माह्यं मस्त चालून राह्यलं."

"दोघायत फरक काय?" रूपरावांनी विचारलं.

"काईच नाई बाबा. दोन्ही लिनक्सच. आतलं इंजिन एकच."

"मंग भांडून काऊन राह्यले?"

"प्रोग्राम टाकायची पद्धत वेगळी!" दोघंही एकदम ओरडले.

रूपरावांचं डोकं तापलं. एका रक्ताचे, एका चुलीचे, आणि भांडण कशावरून, तर वाढायच्या पद्धतीवरून! असले भाऊबंद त्यांनी पवनारच्या शेतात जन्मभर पाहिले होते. पण जावयाला नाही म्हणायची सोय नाही. पोराला म्हणावं, तर बायको नलूबाई ताटात भाजी वाढत नाही.

"आधी प्रिंट तं काढा!" नलूबाई स्वयंपाकघरातून ओरडली. तिचं कोण ऐकतो?

"वाटणी करा," रूपराव गरजले. "अर्धं याचं, अर्धं त्याचं. मधात धुरा, वावरातल्या बांधासारखा."

"होते बाबा, दोन्ही राहतात एका डिस्कवर."

"मंग सरका. धुऱ्याचा दगड घरचा मोठा माणूसच रोवते!"

प्रफुलनं सीडी घातली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. मागं दोघं मोठा हिस्सा कोणाचा, यावर हमरीतुमरीवर आले होते. रूपरावांनी (इंग्रजीच्या पुस्तकाला कधी हात लावलेला नाही) दगड रोवावा तसं एंटरवर बोट रोवलं. पुन्हा प्रश्न आला. पुन्हा रोवलं.

"बाबा!" सचिन किंचाळला. "अख्खी डिस्क पुसली!"

"बायोडाटा?"

"गेला."

"फोटो?"

"तोही गेला."

तेवढ्यात चार वाजले आणि दारात पाहुण्यांची जीप थांबली.

पाहुण्यांसमोर रूपराव घाम पुसत बसले. बायोडाट्याचं विचारल्यावर जे घडलं ते सांगून टाकलं, वर जावई आणि पोराला चार शिव्याही हासडल्या. नवरदेव धीरज मात्र सरळ कॉम्प्युटरपाशी गेला.

"बायोडाटा राहू द्या, काकाजी. अन् हे दोन कायले पाह्यजे? उबुंटू ज्याच्यातून निघाला, तो त्याचा बाप डेबियन टाका ना." त्यानं बॅगेतून सीडी काढली.

"अजून एक?" रूपराव भडकले. "या बापाले हिस्सा किती लागंन?"

"अख्खी डिस्क."

दाराच्या पडद्यामागं मंजुषा फिसकन हसली. (लग्न तिथंच जमलं, असं नलूबाई अजून सांगते.)

"ऐकलं का जी?" नलूबाईनं रूपरावांच्या हातात ट्रे दिला. "डब्यात तरी बापाचं राज्य आलं. आता उठा, पाहुण्यायले पोहे द्या."